जऊळक्याच्या विहिरीतला धूर

इंगोले मॅडमच्या प्रयोगशाळेत स्टुलावर चढायची कोणालाच परवानगी नव्हती. वरच्या फळीवरचं भिंग काढायचं असलं तरी शिपायाला बोलावून शिडी लावायची, ती दोघांनी धरायची, आणि मॅडम खाली उभ्या राहून 'सांभाळून, सांभाळून' म्हणत राहणार. कुठं जरा चर्र आवाज झाला की त्या आधी मेन स्विच बंद करत आणि मग काय झालं ते विचारत. बी.एस्सी.च्या एका तुकडीनं त्यांचं नाव 'फ्यूज मॅडम' ठेवलं होतं, आणि ते पुढच्या तुकड्यांनीही चालवलं.

वर्षाराणी इंगोलेला आपलं हे नाव ठाऊक होतं. तिला त्याचं वाईट वाटत नसे. भीती ही तिची लहानपणापासूनची सोबतीण होती. नऊ-दहा वर्षांची असताना ती उन्हाळ्यात मामाकडे धनजला गेली होती. विहिरीतली मोटर काढायला एक सालदार खाली उतरला आणि तळाशी जाऊन बसला तो उठेचना. त्याला घेरी आली असेल म्हणून जगदेवमामा उतरले. तेही त्याच्या शेजारी बसले. मग धाकटा मामा निघाला, तेव्हा गावकऱ्यांनी त्याला कमरेला मिठी मारून खाली पाडलं. विहिरीत ना पाणी होतं, ना साप. होती ती फक्त कोंदलेली वाईट हवा. काठावरून डोकावणाऱ्या वर्षाराणीला दोघं नुसते दमून बसल्यासारखे दिसत होते, एकानं तर मांडी घातली होती. मेलेला माणूस बसलेला असू शकतो, हे तिला त्या दिवशी कळलं. त्यानंतर कुठल्याही विहिरीच्या काठावर उभं राहिलं की तिचे तळपाय गार पडत.

अमरावतीला एम.एस्सी. करून ती वाशीमच्या एका कॉलेजात लागली ती तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास घ्याल तितका पगार, आणि उन्हाळ्यात काही नाही. नवरा सतीश अनसिंगला शाळेत शिक्षक होता, म्हणून घर चालत होतं. कायम होण्याची आशा तिनं हळूहळू सोडली, पण शिकवणं काही सैल सोडलं नाही. फळ्यासमोर उभी राहिली की तिची भीती कुठं जायची कोण जाणे. किरणोत्सार शिकवताना ती वर्गात स्टोव्ह आणि कढई आणायची आणि ज्वारीच्या लाह्या फोडायची. "यातला कोणता दाणा पुढं फुटंल, सांगा," ती विचारायची. कोणालाच सांगता यायचं नाही. "मलाही नाही येत. पण मिनिटभरानं कढईत किती दाणे उरतील, ते मी सांगते." लाह्या पोरांच्या पोटात जायच्या आणि अर्धायुष्य डोक्यात राहायचं.

तीन वर्षांपूर्वी पुण्याला एका कार्यशाळेत तिनं म्युऑन मोजायचं यंत्र पाहिलं आणि ती येडावून परत आली. म्युऑन म्हणजे आभाळातून सतत पडणारे अतिसूक्ष्म कण. वर, हवेच्या पार उंच थरात, अंतराळातून आलेले कण आपटतात आणि त्यातून हे तयार होतात. आपल्या तळहातातून दर सेकंदाला एखादा आरपार जातो, छतातून, भिंतीतून, माणसातून, आणि कोणाला कळतही नाही. पकडायला लागतं एक खास प्लास्टिक, ज्यातून कण गेला की बारीकसा उजेड पडतो, आणि तो उजेड ओळखणारा नखाएवढा संवेदक. असे दोन चौकोनी तुकडे एकावर एक ठेवायचे. दोन्हीत एकाच क्षणी उजेड पडला, तर समजायचं की एकच कण दोघांतून गेला.

तिनं हे यंत्र आपल्या पोरांच्या हातून करवून घेतलं. त्यात तिघं शेवटपर्यंत टिकली. जऊळक्याची निकिता, जिला प्रत्येक गोष्टीचं 'काहून' विचारायची सवय होती. वाशीमचा एजाज, ज्याच्या हातात तारा जोडायची सोल्डरिंगची सळई अशी चालायची की बघत राहावं. आणि तांड्यावरचा सेवालाल, बोलायला कमी, ताकदीला जास्त. काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेले ते दोन तुकडे पहिल्यांदा मोजायला लागले आणि लॅपटॉपवर आकडा एकेकानं वाढू लागला, तेव्हा निकिता आपला तळहात उलटसुलट करून पाहू लागली. मग म्हणाली, "मॅडम, हे आपल्यातून आत्ता बी चालले काय?"

"आत्ता बी."

"मंग हे जमिनीत किती खोल जातात?"

तो प्रश्न सगळ्याचं मूळ. दगड जितका जाड, तितके कमी कण पार होणार, हे पुस्तकात असतं. पण आपल्या इथल्या काळ्या पाषाणातून किती? ते मोजून पाहायला खोल जागा हवी होती.

"आमच्या वावरात जुनी विहीर हाय," निकिता म्हणाली. "बोअर पाडल्यापासून कोनी पाहत नाही तिच्याकडं. उन्हाळ्यात खाली डबकंभर पानी राह्यते बस. उतराले लोखंडी कड्या हायेत."

"विहीर नको," वर्षाराणी म्हणाली.

"काहून मॅडम?"

महिनाभर ती टाळत राहिली. जिल्ह्यात बोगदा शोधून झाला, तळघर शोधून झालं. पोरांचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला. शेवटी तिला स्वतःचीच लाज वाटली. आपल्या भीतीपायी यांचं नुकसान कायले करायचं, असं तिला वाटलं, आणि तिनं होकार दिला. पण होकारासोबत इतक्या अटी घातल्या की सेवालाल म्हणाला, "मॅडम, एवढ्यात तं लगन होते."

मार्चच्या एका रविवारी ते जऊळक्याला पोचले. निकिताचे वडील भागवतराव विहिरीजवळ वाट पाहत होते. शांत माणूस, शर्टाच्या खिशात नेहमी चष्म्याचं घर. शेजारच्या वावरात बाया हळद काढत होत्या. वर्षाराणीनं आधी पेटता कंदील दोराला बांधून तळापर्यंत सोडला आणि बराच वेळ तसाच ठेवला. ज्योत मंदावली नाही, म्हणजे हवा चांगली होती. मग तिनं निकिताच्या आणि एजाजच्या कमरेला एकेक दोर बांधला, गाठी स्वतः ओढून पाहिल्या, आणि दोरांची दुसरी टोकं काठावरच्या कडुलिंबाला बांधून सेवालालला तिथं उभं केलं. आणखी एका दोरानं टोपल्यातून सामान खाली जायचं होतं.

दोघं खाली उतरली. काम नीट चाललं होतं. विहीर वरून उघडी, म्हणून तुकडे सपाट ठेवून उपयोग नव्हता, कण सरळ आभाळातून आले असते. ते तिरपे करून ठेवले की मगच कणांना बाजूच्या दगडातून यावं लागणार. निकिता आणि एजाज एका लाकडी घोडीवर ते तिरपे बसवत होते. खालून त्यांचं बोलणं घुमून येत होतं. वर्षाराणी काठावर ओणवी होऊन दर थोड्या वेळानं नाव घेऊन हाक मारत होती आणि दोघं आलटून पालटून 'हाव मॅडम' म्हणत होती.

यंत्र मोजू लागलं. राहिला होता तो मेघकक्ष. ही हौस निकिताची. मेघकक्ष म्हणजे काचेची पेटी. आत स्पिरिटची वाफ, खाली काळा पत्रा, आणि पत्र्याच्या खाली कोरडा बर्फ. लग्नात वरमालेच्या वेळी नवरानवरीच्या पायाशी पांढरा धूर सोडतात, तो याच बर्फाचा. पत्रा गार झाला की पेटीतून जाणाऱ्या कणाच्या वाटेवर धुक्याची बारीक पांढरी रेघ उमटते आणि विरून जाते. कॉलेजात पोरांनी त्या रेघा पाहिल्या होत्या. विहिरीच्या तळाशी दगडांतून निघणारे कण कशा रेघा काढतात, ते निकिताला बघायचं होतं.

वर्षाराणीनं यावर पुष्कळ विचार केला होता. कोरडा बर्फ वितळून पाणी होत नाही, त्याचा वायू होतो. तो वायू हवेपेक्षा जड असतो. वाटीत ताक साचावं तसा तो खोलगट जागी साचतो आणि श्वासात गेला की माणूस जागच्या जागी कोसळतो. म्हणून तिनं बजावलं होतं: मुठीएवढा तुकडा, तोही कापडात गुंडाळून स्टीलच्या डब्यात, आणि लगेच वर. मोठी थर्मोकोलची पेटी काठावरच राहील. बर्फ एजाजच्या अब्बांनी, इस्माईलभाईंनी दिला होता. त्यांचा डेकोरेशनचा धंदा. त्यांनी पोराच्या शिक्षणासाठी म्हणून चांगली भरगच्च पेटी दिली होती.

भागवतराव चहा घेऊन आले. वर्षाराणी दोन पावलं मागं सरून त्यांच्याशी बोलायला लागली. खालून एजाज ओरडला, "सेवा, बर्फ सोड." सेवालालनं पेटी उघडली. आत एकच मोठा दगडासारखा गोळा होता. हातोडी सामानासोबत खाली गेलेली. हाताला चटका बसायला लागला. त्याला वाटलं, खालीच फोडतील. त्यानं अख्खी पेटी टोपल्यात ठेवून खाली सोडली.

"डबा गेला?" वर्षाराणीनं चहाचा कप हातात घेत विचारलं.

"डब्यात बसत नोहता मॅडम. पेटीच देली सोडून."

कप कुठं ठेवला ते तिला नंतर कधी आठवलं नाही. ती काठाशी पोचली तेव्हा खाली टोपलं एका उतरत्या दगडावर टेकत होतं. एजाजनं हात पुढं केला, त्याच्या आधी टोपलं कलंडलं. पेटी डबक्यात पडली, झाकण निघालं, आणि पाणी एकदम उकळल्यासारखं खदखदायला लागलं. पांढरा दाट धूर तळभर पसरला. गुडघ्यापर्यंत आला. दिसायला फार सुंदर होता तो.

एजाज हसला. "मॅडम, वरमाला झाली पाहा इथं."

"वर या," वर्षाराणी म्हणाली. आवाज फुटेना. तिनं पुन्हा सगळा जीव लावून ओरडून सांगितलं, "दोघं वर या. वाकू नका. खाली वाकू नका. उभे राह्या अन् कडी धरा."

एजाजला तिच्या आवाजातून काही तरी समजलं. तो कड्यांकडे वळला. पण निकिता वळली नाही. यंत्राला जोडलेला लॅपटॉप जमिनीवर होता, डबक्यापासून हातभर अंतरावर, आणि पाणी उसळत होतं. लॅपटॉप वाचवायला ती वाकली. तिचं डोकं त्या धुरात गेलं आणि दिसेनासं झालं.

ती लॅपटॉप हातात घेऊन उठली, एक पाऊल टाकलं, मग भिंतीला टेकली. टेकली आणि हळूहळू खाली सरकली. बसली. मान छातीवर आली. धूर तिच्या हनुवटीला लागला होता.

वर्षाराणीला धनजची विहीर दिसली. तीच बसण्याची तऱ्हा.

"निकिताचा दोर ओढ," ती सेवालालला म्हणाली. सेवालालनं ओढला. दोर सरसर वर येऊ लागला, रिकामा. घोडीमागं सरपटून जाताना दोर अडकत होता, म्हणून पोरीनं कधी तरी गाठ सोडून ठेवली होती.

"थांब. तो खालीच राहू दे. एजाजले ओढ."

एजाज निम्म्यावर लटकला होता. त्याचे हात कड्यांवरून सुटत होते, पण दोरानं धरून ठेवलं. त्याला काठावर ओढून घेतलं तेव्हा तो भात्यासारखा धापा टाकत होता. "नाकात सोडा गेल्यावानी... डोकं फुटून राह्यलं... निकिता खाली हाय," एवढंच तो बोलला.

हे भागवतरावांनी ऐकलं. चष्मा काढून खिशात ठेवला आणि काठावरून एक पाय आत टाकला.

वर्षाराणीनं मागून त्यांच्या कमरेला मिठी मारली. ते तिच्यापेक्षा दुप्पट वजनाचे. "सोडा मॅडम," ते म्हणाले. "माही पोरगी हाय थे."

"तुमी गेले तं दोन मढे निघतील. मी पाह्यलं हाय हे. सेवालाल, धर यायले. खाली पाड अन् छातीवर बस." आपल्या तोंडून हे असे शब्द निघताहेत, हे तिला दुसऱ्या कोणाचं तरी बोलणं ऐकावं तसं ऐकू आलं. सेवालालनं त्यांना धरलं. आरडाओरड ऐकून हळदीच्या वावरातल्या बाया आणि दोन माणसं धावत आली होती. एक बाई भागवतरावांच्या पायांवरच बसली.

मग कोणी जायचं हा प्रश्न उरला, आणि वर्षाराणीला त्याचं उत्तर माहीत होतं. तेच तिला नको होतं. वरच्यांना दोन माणसं ओढायची होती, म्हणजे खाली जाणारं हलकं हवं. आणि श्वास कुठं घ्यायचा नाही हे कळणारं हवं. एजाजच्या कमरेचा दोर तिनं सोडला आणि आपल्या काखेखालून बांधून घेतला. साडीचा पदर कमरेला खोचला. गाठ एका म्हाताऱ्या बाईनं मारून दिली.

"लिंबाची मोठी फांदी तोडा," ती म्हणाली. "दोराले बांधून त्या बाजूनं सोडा अन् खालीवर करत राह्या. थांबू नका, हवा हालली पाह्यजे. मी दोर हलवला की निकिताले ओढा. मले मंग."

ती उतरली. कडी, मग पाय चाचपायचा, मग पुढची कडी. वर न बघता आणि खाली न बघता समोरचा दगड बघायचा, असं तिनं ठरवलं होतं. दगडावर शेवाळ वाळून पापुद्रे झाले होते. मध्येच पाय हलेना. आपण इथंच राहू, आपल्याच्यानं वरही जाववणार नाही आणि खालीही, असं तिला वाटलं. खालून कसला आवाज येत नव्हता. फक्त पाण्याचं खदखदणं, आता बारीक झालेलं. आणि त्या न येणाऱ्या आवाजाला भिऊन तिचा अडलेला पाय खालच्या कडीवर गेला.

धुराच्या वरच्या कडीवर ती थांबली. तोंडात आंबट चव आली. म्हणजे वायू इथंही आहे, दिसतो त्याच्या वरपर्यंत. ती दोन कड्या वर चढली, खोल श्वास घेतले, शेवटचा धरून ठेवला आणि उतरली.

निकिताचे डोळे अर्धे उघडे होते. ओठ जांभळे. लॅपटॉप मांडीवर तसाच. तिचा दोर भिंतीशी लोंबत होता. वर्षाराणीनं तो तिच्या काखांखालून घातला. एक वेढा. दुसरा. छातीत आग पेटली. गाठ बसेना, दोर ओला होता. तिनं सोडून दिलं, कडी पकडून वर चढली, तोंड वर करून हवा घेतली. ती हवाही पूर्ण नव्हती. डोक्यात घण पडायला लागले. पलीकडं लिंबाची फांदी धुरातून वरखाली होत होती, आणि धूर फाटत होता, पुन्हा मिळून येत होता.

परत खाली जायचं नाही, असं तिच्या आतलं कोणी तरी म्हणालं. स्पष्ट म्हणालं. ती ते पुढं कोणाला सांगू शकली नाही, सतीशलाही नाही.

ती परत खाली गेली. गाठ मारली. एकावर एक, जशी जमेल तशी. दोर हलवला.

निकिता वर जाऊ लागली. तिची मान लोंबत होती, कोपर दगडावर आपटत होतं, आणि खालून वर्षाराणी तिचे पाय भिंतीपासून ढकलत होती. मग पाय हाताबाहेर गेले. त्यानंतर तिला फक्त काखेखाली दोर करकचल्याचं आठवतं.

शुद्धीवर आली तेव्हा ती लिंबाखाली पडली होती आणि एजाज तिच्या तोंडावर पाणी मारत होता. "जिवंत हाय काय?" तिनं विचारलं. तिनं मान वळवली. भागवतरावांनी पोरीला मांडीवर घेतलं होतं. निकिता मोठमोठ्यानं, कर्कश, ओढून ओढून श्वास घेत होती. तो आवाज भेसूर होता, पण तो श्वास होता. थोड्या वेळानं ती ओकली आणि 'आई' म्हणाली.

वाशीमच्या दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. मनगटाचं हाड मोडलं होतं, पाठ सोलून निघाली होती. डॉक्टर म्हणाले, "वाचली. डोक्यावर परिणाम झाला की नाही ते उद्या कळंल." ती रात्र वर्षाराणीनं दवाखान्याच्या व्हरांड्यात काढली. सतीश शेजारी बसून होता. तिचे दात वाजत होते, आणि ते थांबवायला ती जबडा हातानं धरून ठेवत होती. विहिरीत वाटली नव्हती इतकी भीती आता वाटत होती. तिथं निदान करायला काही होतं.

सकाळी निकिता जागी झाली. नर्सनं तिला नाव विचारलं, गाव विचारलं, वार विचारला. तिन्ही बरोबर आले. मग तिनं विचारलं, "मशीन चालू हाय ना खाली?"

प्राचार्यांचा फोन दुपारी आला. ते वाईट माणूस नव्हते, घाबरलेले होते. "मॅडम, पोरगी स्वतःच्या वावरात गेल्ती. सुट्टीचा दिवस होता. कॉलेजचा काही संबंध नाही, असंच सगळ्यांनी सांगावं. तुमच्याही भल्याचं आहे. तुमची नेमणूक दरवर्षी नव्यानं होते, हे तुम्हाला माहीत आहे."

तिनं 'बरं' म्हणून फोन ठेवला. तिला ते खरोखर बरं वाटलं होतं, क्षणभर. भागवतराव खाटेच्या पायथ्याशी बसले होते. त्यांच्यासमोर उभी राहिल्यावर तिला ते वाक्य बोलता येईना.

"भागवतभाऊ," ती म्हणाली, "बर्फ तिथं न्यायले मी हो म्हटलं होतं. थो बर्फ काय करू शकतो ते मले माहीत होतं. थोडासा न्यायचा, असं मी ठरवलं होतं. पण पेटी खाली जाऊ नये म्हणून मी तिथं उभं राहाले पाह्यजे होतं. मी चहा घेत होती."

त्यांनी पोरीच्या प्लास्टरवरची चादर सारखी केली.

"तुमी तिले बाहेर काढलं," ते म्हणाले. "अन् तिले तिथं नेलं बी तुमीच. मले दोन्ही याद राहीन. एक पुसून दुसरं नाही ठेवता येत."

"हाव."

"आता जा घरी. आंघोळ करा. तुमच्या अंगाले गाळ हाय अजून."

चौकशी समिती बसली. वर्षाराणीनं तिथंही तेच सांगितलं. सेवालाल पुढं होऊन म्हणाला की पेटी आपण सोडली, तर तिनं त्याला खाली बसवलं. कॉलेजनं प्रकल्प बंद केला. नव्या वर्षाची नेमणूक होणार नाही, असं तिनं धरूनच ठेवलं. जूनमध्ये फोन आला. भौतिकशास्त्राला दुसरं कोणी मिळालं नव्हतं. तिला घेतलं, अट एकच: पोरांना आवाराबाहेर न्यायचं नाही.

यंत्र सेवालालनं आणि एजाजनं अपघातानंतर पंधरवड्यानंच वर काढलं होतं. पिकावर औषध धुरळायचा पेट्रोलवरचा पंप आणून आधी विहिरीत तासभर हवा सोडली, पुन्हा कंदील सोडला, आणि तरी दोघांनी उतरताना एकमेकांना शिव्या दिल्या. यंत्राची आपली वेगळी बॅटरी होती, आणि नोंदी ठेवणारं कार्डही. ती संपेपर्यंत, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत, यंत्र मोजतच होतं. विहीर रिकामी झाल्यावर ज्या शांततेत ते मोजत राहिलं, त्या रात्रीचे आकडे सगळ्यात स्वच्छ होते. दगडातून तिरपे येणारे कण उघड्या जमिनीपेक्षा किती कमी, ते त्यात साफ दिसत होतं. वर्षाराणीनं ते आकडे पाहिले आणि संगणक बंद केला. त्यांना हात लावायचं तिला धाडस झालं नाही.

निकिता कॉलेजात आली नाही. जुलै गेला. तिनं नाव काढलं असेल, असं सगळे म्हणायला लागले. ऑगस्टमध्ये एके दिवशी भागवतराव तिला मोटरसायकलवर घेऊन आले. प्रयोगशाळेच्या दाराशी उभे राहिले. वर्षाराणी उठून उभी राहिली आणि तिला वाटलं, आता हे दाखला मागणार.

"घरी बसून नुसती गणितं करून राह्यली," ते म्हणाले. "आईशी बोलत नाही, माह्याशी बोलत नाही. म्हणते, आकडे माहे हायेत, मले पाह्याचे हायेत." मग म्हणाले, "मॅडम, मले झोप लागत नाही अजून. तुमाले लागते काय?"

"नाही."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले. "तुमाले झोप लागत असती, तं मी नसतं आनलं."

निकितानं त्या आकड्यांचा आलेख काढला. हिवाळ्यात अमरावतीला विद्यार्थ्यांच्या संशोधनाच्या मेळाव्यात तिघांनी आपलं आपण जाऊन तो मांडला. एका परीक्षकानं विचारलं, खालच्या नोंदी एवढ्या लांब कशा घेतल्या, तिथं कोण थांबलं होतं? वर्षाराणी वेगळ्या एसटीनं एकटीच येऊन सभागृहाच्या मागच्या रांगेत बसली होती. निकिता म्हणाली, "कोनी नोहतं सर. आमाले तिथून निघावं लागलं. अपघात झाला होता." आणि तिनं तो कसा झाला ते चार वाक्यांत सांगितलं, कोरडा बर्फ कुठं नेऊ नये ते सांगितलं, आणि पुढच्या आलेखाकडं वळली. बक्षीस मिळालं नाही. पण त्या परीक्षकांनी नंतर एजाजला बाजूला घेऊन यंत्राची जोडणी बारकाईनं विचारून घेतली.

या वर्षी नवी पोरं आली आहेत. त्यांनाही मेघकक्ष बघायचा असतो. निकिता आता एम.एस्सी.ला आहे, पण सुट्टीत येते आणि तीच दाखवते. बर्फाचा तुकडा मुठीएवढाच असतो. वर्षाराणी सगळ्या खिडक्या उघडते, पंखे लावते, आणि त्या पोरांना आधी अर्धा तास नुसतं बोलून घाबरवते. मग निकिता दिवा आडवा धरते आणि पेटीत बघायला वाकते. तिचं डोकं काचेजवळ जातं. मागं उभ्या असलेल्या वर्षाराणीचा श्वास तिथंच अडकतो.

"दिसली," निकिता म्हणते. "मॅडम, या इकडं. लय लांब रेघ हाय."

वर्षाराणी जात नाही. ती तिथूनच म्हणते, "आधी मान वर कर. मग सांग."